शिळ्या सणाचं दार

२१ सप्टेंबर १९९५, रोहा

पोचले एकदाची! जित्याला गाडी पाऊण तास थांबली, तेवढ्यात डब्यातल्या एका बाईनं माझं नाव, गाव, लग्न, सगळं विचारून घेतलं. स्टेशनवर इझिकेलमामा छत्री घेऊन उभे होते. माझं मराठी ऐकून पोट धरून हसले. म्हणे, ही तर बासष्ट सालची डेबोरा बोलतेय. खरंच आहे. डेबोरा म्हणजे माझी आई. तिनं इस्रायलला नेलेलं मराठी तिथे जसंच्या तसं राहिलं, तेच मी शिकले.

विद्यापीठाच्या कागदावर लिहिलंय, कुमारी शीरा धरमतरच्या मिठागरांचा अभ्यास करायला सहा महिने जात आहे. खरं तर मी आईचं घर बघायला आले. फेब्रुवारीत ती गेली तेव्हा मी परीक्षेला बसले होते. नर्स म्हणाली, ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. हे अजून मामांना सांगितलेलं नाही.

२८ सप्टेंबर

दिवसभर मिठागरांच्या बांधांवरून हिंडले, भाजून निघाले. संध्याकाळी गडगडलं आणि आईची फार आठवण आली. आमच्या लोद शहरात वर्षात चार-दोनदाच गडगडायचं, पण ती मला पोटाशी घेऊन माझ्या कानांवर तळवे ठेवायची; डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा वण गालाला लागायचा. वीज चमकायच्या आधी तेच तळवे डोळ्यांवर यायचे. आधीच कसं कळायचं तिला, देव जाणे! भीती तिची, कान मात्र माझे. मामा म्हणाले, लहानपणी ती त्यांचेही झाकायची.

२ ऑक्टोबर

मामा उद्या पेणच्या सिनेगॉगला निघतील. परवा दारफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून कडक उपास. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि पेणला मामांना धरून मोजून दहा उरलेत. मी मात्र घरीच राहायचं. या घरातली गेलेली माणसं उपासाला येतात, त्यांना घर रिकामं दिसू नये.

उपास मला ठाऊक होता, दुसऱ्या दिवशीचा शिळा सण नव्हता. त्या दिवशी ही माणसं परत जातात. दिवेलागणीपर्यंत दार सताड उघडं ठेवायचं. मामांनी दोनदा बजावलं, त्यांना रहा म्हणायचं नाय गो, मागं राहिलेल्याला मग वाट गावत नाय. मी हसले. मामा हसले नाहीत.

४ ऑक्टोबर

उपास सुटल्यावर लिहितेय. दिवसभर आईची पांढरी साडी नेसून बसले. कोणी आलं नाही. येईल असं मला वाटत होतं, हे आता लिहूनच टाकते.

५ ऑक्टोबर

सकाळी शेजारच्या फरझानाभाभीकडे मामांचा फोन आला. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर चढलंय, आज येणं व्हायचं नाय, दार तेवढं उघडं ठेव.

ठेवलं होतं. चार वाजता आभाळ काळंकुट्ट झालं. असला गडगडाट मी जन्मात ऐकला नव्हता, भांडी फळीवरून खाली आली. दारावर झुकलेल्या माडावर वीज पडली आणि तो उभाच्या उभा पेटला. मी धावत जाऊन दार लावलं, कडी घातली.

मग कानांवर दोन तळवे आले. मागून. गार, ओले. डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा वण गालाला लागला. तिचाच.

मी म्हटलं, आई, थांब.

६ ऑक्टोबर, सकाळ

गेली नाही. दोन कप चहा केला. दिवेलागण कधीच टळली, दार मी उघडलं नाही. आठ महिन्यांनी इतकं रडले.

दुपार

पाऊस थांबला तरी तळवे कानांवरच. काही ऐकू येत नाही. भांडं आपटून पाहिलं — नाही. दाराखालच्या फटीतून फरझानाभाभीची पावलं दिसली, थोड्या वेळानं गेली. मागे वळले की कोणी नसतं. तळवे थरथरतायत. ती मला धरून नाही बसलेली. तिला भीती वाटतेय. बाहेर जायची वाट गावत नाही तिला आणि मीच तिला कोंडून —

चार वाजता

पुन्हा अंधारलं. खिडकीतून मामा दिसले, चिखलानं माखलेले — चालत आले असावेत. दार बडवतायत. कडी हलतेय, आवाज नाही. जळक्या माडाखाली उभे —

उघडते. आई, तेव्हा मी आले नाही, माझं चुकलं. आता जा. तुला रहा म्हणणार नाही —

तळवे सुटले. मामांची हाक ऐकू आली, शीरा गो! — तळवे परत आले, कानांवर नाही — डोळ्यांवर — अक्षरं दिसत नाहीत — मामा अजून दारा