सुकरीचा धोंडा

चांदा,
११ डिसेंबर १९५८

प्रिय सुकरी,

गेल्या सोमवारी तुमच्या अंगणात आलो तेव्हा तू सुपात तांदूळ घेऊन बसली होतीस. मला पाहिलंस, भिंतीला धरून उठलीस आणि आत गेलीस ती गेलीसच. मी दोन तास बसलो. पाणीसुद्धा तुझ्या धाकट्या बहिणीने, बुधरीनेच आणून दिलं. धानोऱ्यापासून सहा मैल पायी आलेल्या वस्तादाला एवढी शिक्षा पुरे झाली असं समज. रागावलेलो नाही. खरं सांगायचं तर रागावलो होतो, पण उठताना तू डावा पाय कसा ओढलास ते पाहिलं आणि बसून राहिलो. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण हे पत्र वाच. तुला अक्षरओळख माझ्या बायकोने, मनकर्णेने करून दिली, माझ्या मनाविरुद्ध. दोरीवर चढणाऱ्या पोरीला बाराखडी कशाला, असं मी म्हणायचो. आज तीच कामी येते आहे.

मी कशासाठी आलो होतो ते तुला कळलंच असेल. बुधरीसाठी. तू पडलीस त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या आखाड्यातल्या दोरीवर एकही मुलगी चढलेली नाही. मुलगे पंधरा-वीस आहेत, सगळे नांगराचे बैल. संक्रांतीला आखाड्याला जागा देणाऱ्या समितीची माणसं आखाडा पाहायला येणार आहेत. अध्यक्षांनी तोंडावर सांगितलं की त्या दिवशी दोरीवर मुलगी दिसली नाही तर छपराखाली धानाची पोती रचू. माझं वय बावन्न. आखाडा गेला तर मला दुसरं काही येत नाही. तुझा बाप कोलू तयार आहे. आखाडा दाखवायला त्याला मी सोबतच इथे घेऊन आलो. दोन दिवस इथे आहे, बिचारा दोरीला हात लावून लावून बघतो. पण पोर भारी निघाली. सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई म्हनन तं येईन, नाई तं नाई." बाई म्हणजे तू. तू तिच्याएवढी, आठ वर्षांची होतीस तेव्हा तुला असं कुणी विचारलं नव्हतं आणि तूही विचारायला लावलं नव्हतंस. तर आता सगळं तुझ्यापाशी येऊन थांबलं आहे.

तुला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मोहाचे दिवस होते, एकोणपन्नास साल. आखाड्यावर भागत नसे म्हणून मी तेव्हा हंगामापुरता धानोऱ्याला ठेकेदाराच्या गोदामात हमालांवर देखरेख करायचो. कोलू मोहाची टोपली घेऊन रांगेत उभा होता आणि तू गोदामाच्या आढ्यावरून लोंबणाऱ्या दोरावरून खाली येत होतीस, डोकं खाली, पाय वर. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोर धरला होतास. ही पकड शिकवायला मला मुलांची दोन-दोन वर्षं खर्ची घालावी लागत. मी तुला उचललं आणि गमतीने तराजूच्या पारड्यात बसवलं. समोर अर्ध्या मणाचा धोंडा होता. तुझं पारडं वर राहिलं. हमाल हसले, तूही हसलीस. मी नाही हसलो. मीही एके काळी तसाच होतो, सुकरी. चांद्यात माझ्यासारखा मल्लखांब कुणी करत नव्हतं. सोळाव्या वर्षी अंगाने भरलो आणि माझ्या वस्तादाने एका सकाळी मला खांबावरून उतरवून कुस्तीच्या मातीत ढकललं. त्या दिवसापासून मला माझ्याच अंगाचा तिटकारा आहे. तुला पारड्यात बघितलं तेव्हाच ठरवलं की या पोरीला मी भरू देणार नाही. ठेकेदाराकडून तो धोंडा मी मागून घेतला आणि तुझ्याबरोबर चांद्याला आणला.

तू बाकी सगळं विसरलीस तरी शनिवार विसरली नसशील. सकाळी मारुतीला तेल घालून झालं की तू पारड्यात आणि धोंडा समोर. इरई नदीतून आणलेले दोन-दोन शेरांचे गोटे मी खिडकीत मांडून ठेवले होते. दर संक्रांतीला एक गोटा धोंड्याच्या पारड्यात वाढवायचो. वर्षभरात तू तेवढंच वाढायचं. इतर पोरींना संक्रांतीला तीळगूळ मिळतो, तुला गोटा मिळायचा, आणि तू तो दोन्ही हातांत धरून वजन अजमावून बघायचीस. पारडं खाली गेलं की आठवडाभर अर्धी पेज. तू कधी तक्रार केली नाहीस. त्याचं फळही मिळालं की नाही? बावन्न सालच्या सव्वीस जानेवारीला चांद्याच्या मैदानावर तू दोरीवर उलटी लोंबून झेंड्याला नमस्कार केलास तेव्हा कलेक्टर जिलेबी हातात धरून तसाच उभा राहिला. चोपन्न साली नागपूरला पदक. वर्तमानपत्रात तुझा फोटो छापून आला, खाली नाव चुकून सुंदरी छापलं होतं. किती हसलो होतो आपण. सबंध प्रांतात तुझ्या तोडीची मुलगी नव्हती. हे मी तुला तेव्हा कधी सांगितलं नाही, डोक्यात वारं जाईल म्हणून. आता सांगायला हरकत नाही.

मनकर्णेचं तुला खरं कधी कळलं की नाही कोण जाणे. ती तुझ्यात जीव टाकायची, आम्हाला मूल नव्हतं म्हणून म्हण. पंचावन्न सालच्या पावसाळ्यात दोन शनिवार ओळीने तुझं पारडं खाली गेलं. अर्ध्या पेजेवर असलेली पोर भरते कशी? मी दुपारी अवचित घरी आलो तर तू चुलीपाशी बसून जवसाची चटणी आणि भात खात होतीस आणि ती तुला वारा घालत होती. मी तुला काही बोललो नाही. स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. "पोट्टीले मारून टाकता का जी?" असं ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली. दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीला भावाकडे गेली, ती अजून तिथेच आहे. माझं घर तुझ्यासाठी मोडलं, सुकरी. हे ऐकवायचं नव्हतं, पण तू दार लावून घेतलंस तेव्हा वाटलं, हिला एकदा सांगावं.

आणि आता ते. आपण दोघांनी कधीच न बोललेलं. त्या वर्षी संक्रांतीला मी गोटा वाढवला नव्हता. तू खिडकीकडे बघत उभी राहिलीस आणि मी म्हटलं, यंदा नाही. परदेशी जाणाऱ्या पथकाची निवड डिसेंबरात होती आणि चौदा वर्षांची असूनही तू मला दहा वर्षांची दिसायला हवी होतीस. वर्षभर मी तुला मागच्याच वजनावर धरून ठेवली. निवडीच्या आदल्या शनिवारी पारडं बोटभर खाली होतं, म्हणून नागपूरला तीन दिवस तुला नुसत्या लिंबूपाण्यावर ठेवलं. मैदानात नाव पुकारलं तेव्हा तू माझा सदरा धरलास. "वस्ताद, हात थरथरून राह्यले. आज नको." एवढंच. मी तुझे हात हातात घेऊन पाहिले. बर्फासारखे गार होते आणि खरोखरच थरथरत होते. हे मला माहीत होतं, सुकरी. समोर दिल्लीचे पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. खाली गादी टाकलेली होती तीही मी काढायला लावली, गादीवर शिकाऊ पोरं उड्या मारतात म्हणून. आणि तुला म्हणालो, चढ. तू चढलीस. वीस फुटांवर जाऊन दोन्ही हात सोडलेस, तेही सुंदर सोडलेस. पाय निसटल्याचं माझ्याशिवाय पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही, लोक टाळ्या वाजवत होते.

कोलू इस्पितळात आला तेव्हा त्याला मी सांगितलं की पोरीने बाजारात चोरून पेढे खाल्ले, अंग जड झालं, हात घामेजले आणि सुटली. तू खाटेवर जागी होतीस. सगळं ऐकत होतीस. कोलूने तुझ्याकडे पाहिलं, हात जोडून माझी माफी मागितली, म्हणाला, "पोट्टीनं तुमचं नाव बुडवलं जी." आणि तू छताकडे बघत राहिलीस. तीन वर्षांत तू त्याला एका शब्दाने काही सांगितलेलं नाहीस, हे मला परवा त्याने माझे पाय धरले तेव्हा कळलं. का नाही सांगितलंस? माझी भीती म्हणून, की बापाला ते सोसणार नाही म्हणून, मी ठरवू शकलो नाही. पण तुझ्या या गप्प राहण्यावर माझा आखाडा अजून उभा आहे, आणि त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. हे मनापासून लिहितो.

कोलू उद्या सकाळच्या मोटारीने निघतो. हे पत्र त्याच्या खिशात असेल, त्याला अक्षर येत नाही, आणि खांद्यावर, पोत्यात बांधून, धोंडा. "हा गोटा कायले जी?" असं विचारत होता. मी म्हटलं, सुकरी ओळखेल. इरईचे गोटे काढून ठेवलेत. हा नुसता पहिला, अर्ध्या मणाचा, तू आलीस तेव्हाचा. बुधरीला हो म्हण. आणि तुझ्याबद्दल जसं कोलूला सांगितलं नाहीस तसं तिलाही काही सांगू नकोस. घाबरलेल्या पोरीचे पाय दोर धरत नाहीत. तुझं पदक माझ्या भिंतीवर आहे. ती माझ्या दारात उतरेल त्या दिवशी ते कोलूच्या हाती तुझ्याकडे पाठवीन. पण त्याआधी एक काम कर. परवा मला ती जराशी भरलेली वाटली, तू होतीस त्यापेक्षा बरीच. तुमच्या गावात हिरडा तोलायचा तराजू आहे, त्यात तिला बसव, समोर हा धोंडा ठेव. पारडं वर राहिलं तर तशीच पाठव. खाली गेलं तर, संक्रांतीआधीचे सरावाचे दिवस सोडूनही, तिला हलकी करायला अजून पंधरा दिवस हाताशी आहेत. हे काम कोलूला जमणार नाही. तो बाप आहे, पोर रडली की भात वाढेल. तुला कसं करायचं ते सांगायला नको. सबंध जिल्ह्यात या कामातली तुझ्याइतकी जाणती दुसरी कुणी नाही.

तुझाच,
गुणवंतराव वस्ताद