भिंतीवरची गादी

पोरा,

तू अपघातात गेलास, तेव्हा तळघराला कायमचं कुलूप लावणार होतो. पण तुझ्या बँडमधला ड्रमवाला दारात येऊन म्हणाला, "काका, आमचं हे मेटल संगीत वाजवू देणारी दुसरी जागाच नाही हो." किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तुम्ही चौघांनी मांडलेला तो धिंगाणा ऐकायला आता दर रविवारी तळघर भरून पोरं जमतात. तुझ्या आईचा ओरडा अजून आठवतो म्हणून बूट बाहेर काढतात.

शेजारी कटकट करत, म्हणून भिंतींना गाद्या मीच ठोकल्या होत्या. जन्मभर गाद्या भरणाऱ्याचं काम ते! वर जिन्यात कान लावून बसलो, तरी काही म्हणजे काही ऐकू येईना. आज शेवटी जिन्याकडची गादी उतरवली. पोलिसांना बोलावीन म्हणणाऱ्या शेजारच्या काकूच दुसरं टोक धरायला आल्या.

मग तुझं गाणं सुरू झालं. तू जिथे गळा फाडून ओरडायचास, तिथे सगळे एकदम थांबले. ती जागा तुझी, म्हणून ते रिकामी सोडतात, असं ड्रमवाला म्हणाला.

हे पत्र त्याच गादीत घालून टाके मारतो. गादी काढली रे, पण तुझा आवाज काही आला नाही.

बाबा