घटाशेजारची रोपं

माय,

यंदा तुझ्या वांग्याचं रोप मी घरात टाकलं. घरात म्हणजे नांदेडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, दुसऱ्या मजल्यावर. इथं अंगण नाही, ओटा नाही, आणि ऊन येतं ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून, सकाळी थोडा वेळ. तू गेलीस तेव्हा मी अजून गावातच होतो, त्यामुळे हे घर तू पाहिलेलं नाहीस. पाहिलं असतंस तर आधी म्हणाली असतीस, "लेका, इथं माणसाला ऊन मिळंना, वांग्याला कुठून देतूस?"

तुझ्यामागं ते बी अक्कानं जपलं. उदगीरकडं तिच्या सासरच्या मळ्यात दरसाल चार झाडं लावायची, एक वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायची, बी धुऊन, राखेत घोळून ठेवायची. सगळं तू करायचीस तसंच. यंदा पावसानं तिच्या वाफ्यात पाणी थांबलं आणि रोप कुजलं. ठेवणीतलं होतं नव्हतं ते बी तिनं त्यातच टाकलेलं. तिचा फोन आला तेव्हा तिनं आधी पावसाचंच सांगितलं. मग म्हणाली, "बापू, मागं तुला एक पुडी दिली होती. हाय का टाकलीस?" पुडी देवघरात, कुंकवाच्या डब्यामागं होती. "हाय की," मी म्हणालो. "मग तेवढंच राह्यलं बग आता. तसलं रेघाचं वांगं बाजारात लई मिळंल, पण मायचं न्हाई मिळायचं. इकडं रान अजून चिखल हाय. रोप तू कर, लावायचं मी बघते."

तू बाबांच्या आधी गेलीस, म्हणून तुझ्या नावचं पान आम्ही अविधवा नवमीला वाढतो. पितृपंधरवड्यात काही पेरू नये म्हणतात. पण तुझ्या बियाला तुझ्या तिथीपेक्षा चांगला दिवस कुठला, असं मला वाटलं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना खालून भोकं पाडली, चाळलेली माती आणि शेणखत भरलं, बी टाकून वर बोटभरही नाही एवढी माती भुरभुरली, आणि ते डबे देवघरात ठेवले. ती जागा उबदार असते, शिवाय देवाजवळ. पुडीत मागं काही ठेवलं नाही. मग घट बसले. डबे हलवायचे कशाला म्हणून घट त्यांच्या शेजारीच बसवला. घटातलं धान आणि तुझी वांगी जवळजवळ बरोबरच वर आली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. सकाळी आरती झाली की मी एकदा घटाकडं बघायचो, एकदा डब्यांकडं. दोन्ही सरसर वाढत होती, दोन्ही सारखीच पिवळसर, नाजूक. तुझी सून म्हणाली, "अवो, ही तर घटासंगं पैज लावून राह्यलीत!" घटाचं धान जेवढं उंच तेवढं साल चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. त्या पिवळ्या रंगाकडं मी कधी अशक्तपणा म्हणून बघितलंच नव्हतं. माझ्या लेखी तो देवीच्या प्रसादाचा रंग.

दसऱ्याला सकाळी घटातलं धान उपटून टोपीत खोवलं आणि सहज डब्यावर पाण्याचा हात मारला, तर तुझी बरीचशी रोपं आडवी झाली. ओल्या दोऱ्यासारखी मातीवर पडली, ती पुन्हा उठलीच नाहीत. मी तसाच टोपी घालून खाली बसलो.

आणि तेव्हा तू दिसलीस. माझ्या शाळेच्या दिवसांतली सकाळ आहे. तू ओट्यावर उकिडवी बसली आहेस, पुढ्यात बुडाला भोकं पडलेलं घमेलं, त्यात वांग्याचं हिरवंगार रोप. ऊन सरकेल तसं तू घमेलं सरकवतेस, मधूनच फिरवून घेतेस, म्हणजे रोप एकाच अंगाला वाकणार नाही. मी दप्तर घेऊन शेजारी बसलोय. विचारतो, "माय, घट अंधारात ठिवतीस, मग ह्यालाच उन्हात का?" तू हात न थांबवता म्हणतेस, "घट नवू दिसाचा पावना. त्याला निस्तं वर यायचं असतंय. ह्याला पुढं उभं ऱ्हायचंय, फळं पेलायचीत. आता घरात लाड केले तर मग कोण धरून बसल?" आणि लगेच, "आन तू साळंला जा. तुला न्हाई लागत ऊन, आधीच काळा झालायस." मग रोपांच्या शेंड्यांवरून तू तळहात फिरवतेस, आम्हा दोघांच्या डोक्यावरून फिरवायचीस तसा, पण जरा दाबून. शेंडे वाकतात, हात पुढं गेला की सरळ होतात. "हात लागला की खोड घट्ट व्हतंय," असं तू शेजारी उभ्या अक्काला सांगतेस. मला वाटायचं, तू त्यांना आशीर्वाद देतेस.

मग मी उठलो. जी रोपं उभी होती ती बोटानं हळूच उचलून दुसऱ्या डब्यात खोल लावली, पानांच्या गळ्यापर्यंत माती आणली, आणि डबे खिडकीत नेले. पहिल्या दिवशी काचेवर पातळ धोतराचा पदर सोडला, नाहीतर अंधारातून एकदम उन्हात आलेली ती भाजली असती. शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्याच्यासाठी खास दिवे मिळतात, ऑनलाइन मागवा की." तुझी सून आतून बोलली, "नऊ दिवस देवीचा दिवा लावून बघितला की त्यांनी!" वहिनी हसल्या, मीही हसलो. पण उरलेली ही एवढी रोपंही गेली तर अक्काला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

खिडकीतलं ऊन एकाच बाजूनं यायचं. मी स्टीलची मोठी परात घासून चकचकीत केली आणि डब्यांच्या मागं उभी केली, म्हणजे ऊन उलटून रोपांच्या पाठीवर पडेल. भाकरीच्या वेळेला भांडण ठरलेलं. "परात द्या." "थोडं थांब, आत्ताच ऊन आलंय." "आन पीठ कशात मळू? तुमच्या टोपीत?" शेवटी तिनं शेजारून काठवट आणली. मी दालमिलवर कामाला गेलो की दुपारी डबे तीच फिरवायची. मला म्हणायची, "तुमची वांगी तुम्हीच बघा," आणि संध्याकाळी बघावं तर डबे फिरवलेले असायचे. माझी पूजासुद्धा मागं गेली. आधी सूर्याला पाणी, मग रोपं, मग देव. देव थांबतो, ऊन थांबत नाही. रोज शेंड्यांवरून तळहात फिरवायचो. पहिले काही दिवस भीत भीत, नंतर तुझ्यासारखा दाबून. दिवाळीच्या आसपास खोडावर जांभळी झाक चढली. मग घरमालकाला विचारून गच्चीवर न्यायला लागलो, आधी तासभर, मग दिवसभर.

आणखी काही दिवसांनी डबे मांडीवर घेऊन एसटीनं निघालो. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "मामा, हे कोन?" "वांगी हायत. बहिणीकडं चाललीत." "मग ह्यांचं हाफ तिकीट काढा." अक्का फाट्यावर येऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही, आधी डबे घेतले, एक खोड दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाली, "टणक हायत की रं." तिथंच, रस्त्यावर, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अक्कानं मळ्यात लावली ती सगळी जगली. परवा भोगीला अक्कानं बोलावलं. पहिलं वांगं तिनं देवापुढं ठेवलेलं. सगळ्यात चांगल्याच्या देठाला लाल दोरा बांधून ते बियाला राखलंय, त्याला कुणी हात लावायचा नाही. एक-दोन भोगीच्या भाजीत गेली. उरलेली तिनं तीळ-शेंगदाण्याचं भरून केली, चुलीवर. सगळे जेवायला बसलो. पहिला घास घेतला तशी अक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "मायच्या हातचीच चव हाय ना रं?" मी म्हणालो, "हाव अक्का. तीच."

माय, तुझा हात मला आठवतो, आवाज आठवतो, तुझ्या लुगड्याला येणारा धुराचा वास आठवतो. चव आठवली नाही. बाजारातली कुणी वाढली असती तरी मी हाव म्हणालो असतो. अक्काला हे मी कधी सांगणार नाही. हा कागदही कुणाच्या हाती लागू द्यायचा नाही. फक्त तुला सांगितलं.