आमचा झरा, आपला झरा

मास्तर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग काही पुरता उतरत नाही. इंग्रजी मुलुखातली गावं आणि डोंगरापलीकडच्या संस्थानातली गावं यांची भांडणं मिटवायची म्हणून तुम्ही मंडळ काढलं होतं, आणि मी भुकूमचा मॅट्रिक झालेला शहाणा तिथं काम शिकायला आलो होतो. मंडळ म्हणजे तुम्ही, एक सतरंजी आणि मी. मला वाटलं होतं, करारनामे लिहीन, सभा गाजवीन. तुम्ही मला वर्षभर निरोप्या करून ठेवलंत. निरोप ऐकायचा, तुमच्यासमोर तीनदा म्हणून दाखवायचा, डोंगर चढायचा आणि पलीकडे जसाच्या तसा सांगायचा. वर तुमचं ठरलेलं वाक्य, "निरोपाला तिखटमीठ लावायचं नाही, आणि साखर तर मुळीच नाही." तुम्ही स्वतः मात्र कुणाच्याही ओसरीवर बसलात की म्हशीच्या दुधापासून लेकीच्या सासरापर्यंत सगळी चौकशी करणार, आणि मुद्दा निघणार ऊन कलल्यावर. मी शेजारी बसून दातओठ खायचो.

त्या वैशाखात झऱ्याचं भांडण निघालं. झरा अलीकडच्या गावाच्या हद्दीत, पण पलीकडचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या शेरडं तिथंच पाण्यावर आणत. शेरडांनी कुणाची तरी भाजी खाल्ली आणि गावानं वाटेवर काट्या टाकल्या. तुम्ही चार दिवस पाटलांच्या ओसरीवर बसलात, तेव्हा कुठं ते नमले. म्हणाले, "आमच्या झऱ्यावर शेरडं आना म्हनावं, पर सकाळच्या पारी." मी तीनदा म्हणून दाखवलं आणि निघालो. पलीकडे पोचल्यावर धनगरांना सांगितलं, "आपल्या झऱ्यावर शेरडं आणा, सकाळच्या पारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आनंदात झऱ्यावर आले; पाटील तिथं बसलेच होते. पुढं एक म्हातारी, तिची सात शेरडं आणि दोन करडं. ती हसून म्हणाली, "लई बरं वाटलं पाटील, आपला झरा म्हनून निरोप धाडलात."

पाटील ताडकन उठले. "आपला? कवापास्नं? आज पानी, उद्या जिमीन बी आपलीच म्हनशीला!"

काट्या परत पडल्या, त्या तीन दिवस निघाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हातारीची दोन्ही करडं तहानेनं मेली.

तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "तू काय सांगितलं होतंस?" मी म्हटलं, "जीभ घसरली, मास्तर." तुम्ही नुसतं "हं" केलंत. एक थोबाडीत दिली असतीत तर सुटलो असतो! मग दोन्हीकडच्या माणसांना झऱ्यावर बसवून तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "चूक आमची झाली." त्या 'आमची'त तुम्ही मलाही बसवून घेतलंत. याचाच मला आजवर संताप येतो.

मग म्हातारीच बोलली. "झरा तुमचाच म्हना, पाटील. तान तर आमची हाय न्हवं? मंग काट्या काढा." पाटलांनी स्वतःच्या हातानं काट्या ओढल्या. पाटलांचा जो 'आमचा' तिला झोंबेल म्हणून मी लपवला, तो तिनं सगळ्यांसमोर सहज उचलला. तिला तो पेलणार नाही, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आता माझ्याकडेही शिकलेली माणसं येतात, समेट-सलोख्याची भाषा घेऊन. मी त्यांना निरोप तीनदा म्हणायला लावतो. ती दातओठ खातात, आणि मला तुमची आठवण येऊन आणखीच चीड येते.

हा कागद मी पेटीत ठेवणार आहे, तुमच्या सतरंजीखाली. जीभ घसरली नव्हती, मास्तर. खिंड चढताना 'आपला' हा शब्द मी सबंध वाटभर तोंडात घोळवून बघितला होता, आणि मला तो फार आवडला होता.