सीडीवरचा कागद

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, पण पूर्ण घातला आहे). तुझी पाठ कशी आहे? भावजींनी साखर सोडली का? इकडे आई खुशाल, आणि मी तर कायमच खुशाल.

पत्रास कारण काही विशेष नाही. बाबा गेल्यापासून आईने कपाटात जपलेली, तू भरलेली त्यांच्या आवाजाची सीडी तिला येत्या रविवारी ऐकायची आहे. ती मटार सोलत होती, तेव्हा मी तिला आधी शास्त्र समजावलं. सीडीवर एकच लांबलचक वाट असते, गोल गोल फिरत जाणारी. भरताना लेझरचा कडक किरण त्या वाटेवर रंगाच्या थरात बारीक डाग भाजत जातो. वाचताना मवाळ किरण फिरतो. डागावरून उजेड कमी परततो, कोऱ्या जागेवरून भरपूर, आणि त्या कमी-जास्तावरून यंत्र आवाज उभा करतं. आईने विचारलं, उजेड परततो कशावरून? चंदेरी थरावरून, मी म्हणालो. तो कुठे असतो? खालच्या चकचकीत बाजूला, मी अशा आवाजात सांगितलं की पुढचा प्रश्नच आला नाही. (भावजींना कुठली वायर कापायची ते सांगितलं होतं, तोच आवाज. असो.)

मग आई मटार तिथेच ठेवून आत गेल्यावर ती खालची बाजू मी तान्ह्या बाळासारखी मऊ फडक्यावर ठेवली, आणि वरचा सुटत आलेला कागद यंत्रात अडकायला नको म्हणून सफाईने ओढून काढला. अखंड निघाला. मी खूश होऊन सीडी उचलली, तर तिच्यातून पलीकडचे मटार दिसले.

चंदेरी थर वरच्याच बाजूला असतो, कागदाच्या लगेच खाली. खालचं जाड प्लास्टिक बरंच काही सोसतं. हे दुरुस्तीवाल्याने मला सांगितलं, आणि सांगायला भरपूर वेळ घेतला. पण काळजी नसावी. कागद माझ्याकडे सुखरूप आहे, बाबांच्या आवाजासकट.

तुझा,
घरातला एकमेव तांत्रिक माणूस

ता. क. तुझ्याकडची दुसरी प्रत शनिवारपर्यंत पाठव. आईला काही कळू देऊ नकोस.

ता. क. २. तिच्यावर कागद असला तर त्याला हातही लावू नकोस.

ता. क. ३. आईने पत्र वाचलं. ती म्हणते, प्रत पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये आणि यंत्रात तूच घाल. सीडीवर बाबा सुरुवातीलाच तुला म्हणतात ना, "यंत्र सुरू झालं का? धाकट्याला जवळ येऊ देऊ नकोस." आईला तेवढं एक वाक्य ऐकलं तरी पुरे आहे. मलाही तेच ऐकायचं आहे, ताई. मी लांब बसेन.