आमसुलाच्या पाण्यातल्या पुंगळ्या

मंगळवारी सकाळी तवा घासला, उरलेलं पीठ झाकलं, खिडकीच्या फटीतून आलेली ही आखातातली वाळू झाडून काढली, कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यावरून फडकं फिरवलं आणि क्लबची गाडी धरायला खाली उतरले. इतकी साधी सकाळ होती, हुस्ना. ‘शरीफा, आज तू एका भल्या माणसाला चप्पल फेकून मारशील,’ असं मला जिन्यात कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

सलाम राहिला, तो इथे घे. दाभोळला सगळे खुशाल असाल, तुझे गुडघे तुला माडीवर जाऊ देत असतील आणि रहिमतुल्लाभाईंनी विडी सोडली असेल. (सोडली नसेल. बायकोने सांगितलेलं नवरा ऐकतो, पण बायको गेल्यावर. नवरा गेल्यावर मात्र बायकोला त्याचं प्रत्येक वाक्य आठवतं, हा कुठला न्याय ते मला कळलेलं नाही.) तू पाठवलेली आमसुलं पोचली. हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

मागच्या पत्रात तू मला ‘गोळ्यांच्या कारखान्यात’ बसवलं होतंस, म्हणून पुन्हा सांगते. हा नेमबाजीचा क्लब आहे. बंदूक उडाली की पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती धुऊन क्लबचे बंदुकांचे कारागीर हमझाभाई तिच्यात नवी दारू आणि गोळी भरतात. धुण्याचं काम तुझ्या भाईंचं, आमच्या ह्यांचं होतं, ते वारल्यावर माझ्याकडे आलं. पाण्यात थोडा पांढरा सिरका घालायचा, पुंगळ्या हलवायच्या, लगेच काढून साध्या पाण्यात खळबळायच्या आणि उन्हात वाळवायच्या. सिरक्यात टाकून चहाला जायचं नाही. तुझे भाई म्हणायचे, पितळ धुवायचं असतं, उजळायचं नसतं. आंबटात फार वेळ राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं, तांबं उरतं, पुंगळी गुलाबी दिसते आणि आतून कच्ची होते. मी शाळा चौथीत सोडली, पण क्लबात पडलेलं एक जुनं इंग्रजी मासिक डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं, आणि त्यातही तेच होतं. मला तेव्हा रडू आलं. मासिक नेमबाजीचं होतं, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

तर सोमवारी मी दात काढायला गेले आणि माझं काम काशीबाईकडे आलं. ही गुहागरची, क्लबात झाडलोट करते, जीव लावणारी बाई आहे. सोलकढीसाठी तुझी अर्धी आमसुलं मी तिलाच दिली होती. मंगळवारी जाऊन बघते तर टपात लालभडक पाणी आणि शेजारी काशीबाई, हात कोपरापर्यंत रंगलेले.

“अगो शरीफाबाय, तुझ्या त्या सिरक्याला काय जोर? आमची समई आमसुलाशिवाय उजळत नाही. काल दुपारीच भिजत घातली, आता बघ कशी नवरीसारखी दिसतात.”

दिसत होत्या खऱ्या. नवरीच्या गालासारख्या गुलाबी.

“बाकीच्या कुठे आहेत?”

“हमझाभाईंनी पहाटेच नेली, चांगल्यांत मिसळून. काय खूश झाले गो.”

हमझाभाईंचा चष्मा दुरुस्तीला गेलाय, त्यांना गुलाबी काय नि पिवळं काय. आणि त्यांची सवय तुला माहीत नाही. नव्या भरलेल्या गोळ्यांतली पहिली ते स्वतः उडवून बघतात, म्हणजे काही झालं तर त्यांच्याच डोळ्यांसमोर व्हावं. पुंगळी फाटली तर जे व्हायचं ते डोळ्यांसमोर नाही, डोळ्यांत होतं.

मी धावले. ह्या वयात, वाळूत, दुखऱ्या जबड्याने. मैदानावर लाल झेंडा लागलेला (झेंडा असताना आत पाऊल टाकायचं नाही, हे सगळ्यांना मीच सांगत असते), हमझाभाई आडवे पडलेले, कानांवर आवाज अडवणारी ती मोठी झाकणं. मी हाक मारली, पुन्हा मारली. त्यांनी गाल बंदुकीला टेकवला. मग मी पायातली चप्पल काढली. नेमबाजीच्या क्लबात इतकी वर्षं काढून मी पहिल्यांदाच नेम धरला, आणि तो लागला, पाठीच्या बरोबर मध्ये.

ते उठले, झाकणं काढली, मी गुलाबी गुलाबी म्हणत होते. त्यांनी बंदूक रिकामी केली, पेटीतली एक न भरलेली पुंगळी पकडीत धरून दाबली. ती पापडासारखी तडकली. मग म्हणाले, “भाभी, दुसरी चप्पलही मारा, माझी हरकत नाही.” आणि खाली बसले.

हसू तिथेच संपलं. सगळी पेटी फेकावी लागणार, कारण थोडी गुलाबी आणि चांगली ह्यांतला फरक जिवावर उदार होऊन कोण ओळखणार. शुक्रवारी स्पर्धा आहे, पुंगळ्या कमी पडतात. क्लबचे साहेब म्हणाले, यापुढे तयार गोळ्याच मागवू, मग धुण्याची भानगडच नको. म्हणजे मी खलास, आणि काशीबाई माझ्या आधी. ती कोपऱ्यात बसून हात घासत होती, रंग निघत नव्हता. मी साहेबांना म्हटलं, आमसुलं माझी होती. (तुझी होती, पण इथे येऊन दोष घ्यायला तुझा व्हिसा नाही.) हमझाभाई हळूच म्हणाले, पुंगळ्या मिळाल्या तर मी साहेबांना गप्प करतो, पण आता आणायच्या कुठून?

बाकी सर्व ठीक. दाताची जागा बरी आहे.

तुझी भाभी,
शरीफुन्निसा

ता.क. बिस्किटांचा तो डबा तुला आठवत असेल. तुझ्या भाईंनी शेवटच्या धुतलेल्या पुंगळ्या त्यात आहेत. मी त्या भरायला दिल्या नाहीत. तू दर पत्रात भाईच्या हातचं काहीतरी मागतेस, म्हणून तुझ्यासाठी राखल्या असं मी सांगत आले. खरं तर मलाच सोडवत नव्हत्या. शुक्रवारपुरत्या तेवढ्या पुरतील. देऊ का?

ता.क. दुसरा. तुझं उत्तर यायला महिना लागेल. काल हे पत्र बंद केलं नव्हतं, म्हणून लिहिते. आज सकाळी डबा फडक्यात बांधून नेला आणि हमझाभाईंच्या टेबलावर ठेवला.