खळ्यापर्यंत तरी चाल

तुंगार्ली, लोणावळा
८ नोव्हेंबर

चि. सौ. रेणुकास,
अनेक आशीर्वाद.

आराम पडावा म्हणून तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, तुझा फोन कपाटात ठेवलाय म्हणे. म्हणून शेजारच्या माधवीच्या हाती हे पत्र देते. ती रोज टाकव्याच्या शाळेवर जाते.

केमोनंतर थकवा येतोच. पण झेपेल तितकं रोज चालायचं, त्याने थकवा उतरतो, भूक लागते, झोप येते, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. मग खाट का धरलीस? खळ्यापर्यंत तरी चाल. लग्नात हार घालायला धावत आली होतीस, मी पाहिलंय!

लोभ आहेच, चाललीस तर वाढेल.
शालनताई


टाकवे बुद्रुक
१७ नोव्हेंबर

ती. शालनताईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि खळ्यापर्यंत गेलेही. बरं वाटलं, भाकरी गोड लागली. पण भात झोडायला आलेल्या बायका म्हणाल्या, येवढी हिंडतीय तर दुखणं कसलं? सासूबाईंना ते फार लागलं. माणसं भेटायला येतात, आजारी बाई खाटेवरच दिसली पाहिजे, असं म्हणून त्यांनी मला पुन्हा निजवलं. आता मोरीपर्यंतही धरून नेतात. जीव लावतात हो, रागावू नका.

कालपासून डावी पोटरी सुजलीय, गरम लागते. चालल्यानंच झालं म्हणून सासूबाई तेल लावून रगडून देतात. आज बसल्या बसल्या धाप लागली. ह्यांना बोलले नाही, झोडणी चाललीय. तुम्हीही कळवू नका.

माया अशीच असावी.
रेणुका


तुंगार्ली
१८ नोव्हेंबर, सकाळ

चि. महिपतीस,
आशीर्वाद.

तू खळ्यावर असशील, फोन उचलत नाहीस. म्हणून माझ्या समर्थला गाडी आणि ही चिठ्ठी देऊन पाठवते.

तुझ्या बायकोचं पत्र शेजारच्या माधवीने आज सकाळी आणून दिलं. ती लपवते आहे, ते मी सांगते. तिची एक पोटरी सुजली आहे आणि तिला धाप लागते आहे. तिच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलले. पडून राहून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी, ती फुफ्फुसात जाऊ शकते, असं ते म्हणाले. चालणं बंद कोणी केलं, हेही त्यांनी विचारलं.

पायाला कोणी हात लावू नका. तेल ठेवून दे. तिला खुर्चीत बसवून गाडीपर्यंत उचलून न्या. गावाला काय दिसायचं ते दिसू दे. आईवर ओरडू नकोस, वेळ जाईल. मी थेट रुग्णालयात पोचते.

लोभ असू दे, असं दर वेळी लिहिते. आज नाही लिहीत. वाचत उभा राहू नकोस. नीघ.
ताई